भोपाळ: करोंदमधलं गॅसकांडाचं संग्रहालय

वाटसरू_नाशिक

भोपाळला निघालेल्या माणसाला सगळे तेच सांगतात. सांची बघ, भीमबेटका बघ, संध्याकाळी मोठ्या तलावावर जा, जनजातीय संग्रहालय चुकवू नकोस, सकाळी पोहे-जिलबी खा. सगळं बरोबर आहे, आणि जनजातीय संग्रहालय तर खरंच चुकवू नये. पण या यादीत 'रिमेंबर भोपाल' संग्रहालय कुणी घालत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. यादीबाहेरचं काही बघायचं ही माझी जुनी खोड, म्हणून गेलो.

बेरसिया रस्त्यावर करोंद भागात हाउसिंग बोर्डाची कॉलनी आहे, त्यातल्या एका घरात हे संग्रहालय. रिक्षावाल्याला नुसतं 'म्युझियम' सांगाल तर तो तुम्हाला श्यामला हिल्सला नेऊन सोडेल, कारण भोपाळची सगळी नावाजलेली संग्रहालयं त्या टेकडीवर. 'गॅसवाला म्युझियम, करोंद' असं सांगा. बाहेरून बघाल तर कुणाचं तरी राहतं घर वाटेल. शेजारी कपडे वाळत घातलेले, समोर लावलेल्या स्कूटर. संग्रहालयासाठी घर शहराच्या या टोकाला घेण्यात अर्थ आहे. १९८४ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला गॅस गेला तो या बाजूच्या वस्त्यांवरून, आणि नवरे गमावलेल्या बायकांसाठी सरकारने बांधलेली वसाहतही इथेच जवळ आहे. तिचं कागदोपत्री नाव काहीही असो, सगळं भोपाळ तिला विधवा कॉलनीच म्हणतं.

आत वस्तू आहेत, फोटो आहेत, आणि त्यांच्या शेजारी जुन्या लँडलाइनसारखे रिसीव्हर. उचलून कानाला लावायचा, की ज्यांच्या घरातून ती वस्तू आली ते माणूस बोलायला लागतं. वस्तू साध्याच आहेत. लहान मुलाचे कपडे, चपला, कागदपत्रं, मोर्च्यांतलं सामान. नुसत्या बघितल्या तर जुन्या बाजारातल्या वाटतील. रिसीव्हर उचलल्यावर त्या कुणाच्या तरी होतात. मोठ्या स्पीकरवर लावलं असतं तर खोलीतल्या सगळ्यांनी मिळून ऐकलं असतं आणि थोड्या वेळाने कुणीच ऐकलं नसतं. इथे एका वेळी एकालाच ऐकू येतं. माझ्या पुढे एक आजोबा होते. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि सवयीने "हॅलो" म्हणाले. मग पलीकडची बाई बोलत राहिली आणि आजोबा अधूनमधून "हां... हां" करत राहिले.

हे संग्रहालय २ डिसेंबर २०१४ ला, दुर्घटनेला तीस वर्षं होताना सुरू झालं. मागे गॅसपीडितांच्या संघटना आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांचा एक ट्रस्ट आहे. सरकारचे पैसे घ्यायचे नाहीत, कंपन्यांचेही नाहीत, हे त्यांनी सुरुवातीपासून ठरवलेलं. त्याचा परिणाम जागेवर दिसतो. झगमगाट नाही, स्पर्श केल्यावर हलणारे पडदे नाहीत. पण कुठलंही वाक्य कुणाची मर्जी राखायला मऊ केलेलं वाटत नाही. कंपनीचं नाव, सरकारचं नाव, कोर्टाचा निकाल, सगळं सरळ लिहिलेलं.

वर्तमानपत्रांत 'गॅसदुर्घटना' म्हटलं की सगळं एका रात्रीत संपतं. ही मंडळी त्या एका रात्रीचंच दुःख दाखवून थांबलेली नाहीत. त्यांनी पुढची वर्षंही मांडलीत: दवाखान्याच्या रांगा, भरपाईचे अर्ज, विहिरी-हापशांचं पाणी, पोलिसांच्या लाठ्या, दिल्लीपर्यंतच्या पदयात्रा. मला यातला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटला. २००५ साली कारखान्याच्या जागेवर सरकारी स्मारकासाठी राष्ट्रीय स्पर्धा झाली होती, आराखडाही निवडला गेला. स्मारक काही झालेलं नाही. पीडितांच्या संघटनांचा आक्षेप साधा होता: आधी जागेतलं विष काढा, मग स्मारकाचं बघू.

दोन-अडीच तास हाताशी ठेवून जा. आणि आधी फोन करून उघडं आहे ना ते विचारा, कारण हे पगारी कर्मचाऱ्यांच्या फौजेवर चालणारं ठिकाण नाही.

कुणी गेलंय का? भोपाळचे मराठी लोक इथे आहेत का? त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

फुलपात्र

चांगलं लिहिलंय. चार वेळा भोपाळला गेलेय, हे नावही ऐकलं नव्हतं. पुढच्या वेळी नक्की.

भोपाळी_मावशी

वाटसरू, आम्ही टी.टी. नगरला राहायचो. वडील सरकारी नोकरीत, माहेर जळगावकडचं. तेव्हा मी कॉलेजात होते.

बाहेरच्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते, म्हणून सांगते. त्या रात्री भोपाळ दोन झाली. वारा जुन्या शहराकडे होता. काझी कॅम्प, जे.पी. नगर, छोला, चांदबड, रेल्वे कॉलनी, स्टेशन, सगळं त्या वाऱ्यात. आम्ही नव्या भोपाळातले बरेचसे वाचलो. सकाळी दूध आलं नाही म्हणून आम्हाला कळलं, काहीतरी झालंय. मग हमीदिया रुग्णालयातून येणारे लोक बोलायला लागले. पुढे सरकारने शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड गॅसग्रस्त धरले. त्या यादीत कोण आणि बाहेर कोण यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. अगदी लग्न जमवताना लोक विचारायचे, मुलगी 'गॅस एरियातली' आहे का. हे मी स्वतः ऐकलंय, मराठी घरांतही.

आमच्या घराने पळ काढला तो डिसेंबरच्या मध्यावर. टाक्यांत उरलेल्या मिक या विषारी रसायनाचं काय करायचं, तर कारखाना पुन्हा चालवून त्याचं कीटकनाशक करून टाकायचं ठरलं. सरकारने त्याला नाव दिलं 'ऑपरेशन फेथ', १६ डिसेंबर. वर हेलिकॉप्टर पाणी शिंपडणार, कारखान्याला ओल्या गोणपाटाचे पडदे लावणार, घाबरू नका. कोण विश्वास ठेवणार? शहर रिकामं झालं. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. आई आम्हाला घेऊन जळगावला आली आणि संक्रांतीनंतरच परतली.

संग्रहालयात मी अजून गेलेले नाही. भोपाळमध्ये राहूनही. कारण विचारू नका.

वाटसरू_नाशिक

मावशी, नाही विचारत. लिहिलंत त्याबद्दल आभार. लग्नाचं वाचून सुन्न झालो.

यंत्रतंत्र

मी तारापूरला रसायनउद्योगात होतो, आता निवृत्त. आमच्या प्रशिक्षणात भोपाळ शिकवतात, त्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरका.

मिक म्हणजे मिथाइल आयसोसायनेट. ३९ अंश सेल्सिअसला उकळतं. भोपाळच्या मे महिन्यात सावलीतलं तापमान याहून जास्त असतं, एवढ्यावरून समजा. म्हणून ते शून्याच्या आसपास थंड ठेवायचं असतं. पाण्याशी गाठ पडली की उष्णता निघते, उष्णतेने क्रिया आणखी वाढते, आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. ई-६१० टाकीत सुमारे ४० टन मिक होतं. त्यात पाणी गेलं.

आता बचावाच्या पायऱ्या बघा. शीतयंत्रणा जून १९८४ पासून बंद, वीज आणि खर्च वाचवायला. गॅस धुऊन काढणारा स्क्रबर इतक्या मोठ्या झोतासाठी केलेलाच नव्हता, आणि त्या रात्री तो तयारीतही नव्हता. गॅस जाळणारा फ्लेअर टॉवर बंद, कारण त्याच्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. पाण्याचे फवारे गॅस जिथून सुटत होता त्या उंचीपर्यंत पोचत नव्हते. मिक युनिटमधली पाळीची माणसं निम्म्यावर आणलेली. साडेअकराच्या सुमाराला कामगारांचे डोळे चुरचुरायला लागले. बारीकसारीक गळती नेहमीचीच, म्हणून चहानंतर बघू असं ठरलं. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला आणि दोन-अडीचपर्यंत पुन्हा वाजवला नाही.

कारखान्यात अपघात होतात, मी पाहिलेत. पण एकामागून एक लावलेले इतके अडसर एकाच रात्री निकामी असणं याला योगायोग म्हणत नाहीत. त्यातला प्रत्येक कुणीतरी सही करून बंद केलेला असतो.

आणि मूळ प्रश्न: एवढं मिक साठवायचंच कशाला? लागेल तसं बनवून लगेच वापरता येतं. पुढे जगभर उद्योगाने हाच धडा घेतला, 'जे नाही ते गळत नाही'.

उलटतपासणी

लेख भावपूर्ण आहे, पण एक शंका. संग्रहालय पीडितांच्या संघटनांचं म्हणजे एक बाजू. युनियन कार्बाइडचं म्हणणं होतं की एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडलं. १९८८ मध्ये त्यांच्या बाजूने सविस्तर अभ्यासही प्रसिद्ध झाला होता. ती बाजू तिथे आहे का? नसेल तर त्याला संग्रहालय म्हणायचं की आंदोलनाचं कार्यालय? राग मानू नये, प्रामाणिक प्रश्न आहे.

यंत्रतंत्र

राग नाही. तो अभ्यास कंपनीने नेमलेल्या सल्लागार संस्थेचा होता, हेही सांगायला हवं होतंत. पण वादासाठी धरून चालू की कुणीतरी मुद्दाम नळी जोडली. मग शीतयंत्रणा कुणी बंद केली? फ्लेअरचा पाइप कुणी काढला? दाट वस्तीला लागून एवढा साठा कुणी ठेवला? धोकादायक कारखान्याची रचनाच अशी असावी लागते की एका माणसाच्या चुकीने किंवा दुष्टपणाने हजारो मरू नयेत. मुद्दाम केलं म्हणणं हा कंपनीचा बचाव ठरत नाही, उलट तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

सातपुडा

उलटतपासणी, कंपनीकडे वकील होते, जनसंपर्क अधिकारी होते. भोपाळमधल्या त्या बायकांकडे एक घर आहे. ती 'बाजू' कुठल्याही ग्रंथालयात मिळेल, ही बाजू त्या घरातच मिळते. आणि धोक्याची सूचना आधी मिळालेलीच होती. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन या विषारी वायूने त्याच कारखान्यातला अशरफ मोहम्मद खान हा कामगार गेला. १९८२ मध्ये राजकुमार केसवानी आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात 'बचाइए हुज़ूर, इस शहर को बचाइए' असं लिहीत होते. त्यांचं वय तेव्हा तिशीच्या आसपास, साप्ताहिक खपत किती असेल? कुणी लक्ष दिलं नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर ते गेले.

उलटतपासणी

यंत्रतंत्र यांचा मुद्दा मान्य. सातपुडा यांचा अर्धा मान्य. एका घराची बाजू असली तरी तिच्यासमोर दुसरी मांडली की ती कमजोर होत नाही, असं माझं मत अजूनही आहे.

कोरडवाहू

यवतमाळकडचा आहे. आमच्या घरी सेव्हिनचा डबा असायचा, कपाशीवर मारायला. वडील उघड्या हाताने कालवायचे. ते सेव्हिन म्हणजेच भोपाळला मिकपासून बनणारं कीटकनाशक, हे मला फार उशिरा कळलं. आणि रात्री ओलिताला जायचं तर बॅटरीत एव्हरेडीचे सेल, तेही त्याच कंपनीचे. म्हणजे युनियन कार्बाइड आमच्या घरात दोन रूपांनी होती.

भोपाळला त्या कारखान्यात मूळ योजनेपेक्षा विक्री कमी होत होती, म्हणून खर्च कापत गेले, हे वाचलंय. दुष्काळात शेतकरी फवारणी कमी करतो. तिथल्या तोट्याचं एक टोक आमच्याच बांधावर होतं.

वाटसरू_नाशिक

कोरडवाहू, सेव्हिनच्या डब्याचं हे मी संग्रहालयातून बाहेर पडून आठवडाभर विचार केला असता तरी सुचलं नसतं. एव्हरेडीचं पुढचं सांगतो: १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने अमेरिकन कंपनीने भारतीय कंपनीतला आपला हिस्सा विकला, त्या पैशातून भोपाळमध्ये गॅसपीडितांसाठीचं मोठं रुग्णालय, बीएमएचआरसी, उभं राहिलं.

कागदपत्र

वकील नाही, पण निकाल वाचायची आवड आहे.

१९८५ मध्ये कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने खटला लढायचा हक्क केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. अमेरिकेतल्या कोर्टात दावा लावला; सरकारची मागणी पुढे तीन अब्ज डॉलरहून जास्त होती. १९८६ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी खटला भारतात चालवा म्हणून परत पाठवला. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, पीडितांना न विचारता. दावेदार पाच लाखांच्या वर. बहुतेकांच्या हाती पडले २५ हजार रुपये, मृत्यूचे लाखाच्या आसपास. तोपर्यंत महिना २०० रुपये अंतरिम मदत.

मृत्यूंचे आकडेही बघा: सरकारचा पहिला आकडा २,२५९, नंतर राज्य सरकारने ३,७८७ धरले, भरपाईच्या हिशोबात ५,२९५. संघटना पुढच्या वर्षांतले धरून याच्या अनेक पट सांगतात. 

फौजदारी बाजू आणखी वाईट. युनियन कार्बाइडचे अमेरिकन अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळला आले, अटक झाली, त्याच दिवशी जामीन, आणि राज्य सरकारच्या विमानाने दिल्ली. पुन्हा भारतात आले नाहीत. २०१४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत वारले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या अधिकाऱ्यांवरचा सदोष मनुष्यवधाचा आरोप उतरवून निष्काळजीपणाचा केला, म्हणजे जास्तीत जास्त दोन वर्षं. ७ जून २०१० ला निकाल: दोन वर्षं, दंड, आणि तिथल्या तिथे जामीन. भरपाई वाढवून मागणारी केंद्राची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली.

या देशातला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. भोपाळनंतरचा.

रुग्णसेवक

डॉक्टर आहे, म्हणून या बाजूने. धाग्यात महाराष्ट्राचा एक दुवा राहून गेलाय.

मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाने भोपाळमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. या गटात वर्धा-पुण्याकडची बरीच मंडळी होती. सरकारी मत असं होतं की इजा डोळ्यांना आणि फुप्फुसांना, बाकी काही नाही. यांना जे.पी. नगरात सगळ्या शरीरभर तक्रारी सापडल्या: स्नायूंची ताकद गेलेली, विसरभोळेपणा, भूक नाही, मन उदास. राणी बंग, म्हणजे पुढे गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यसंस्था उभी करणाऱ्या, यांनी मीरा सदगोपाल यांच्याबरोबर बायकांची तपासणी केली. मासिक पाळीचे, गर्भाशयाचे विकार मोठ्या प्रमाणात. त्या दिवसांत बायकांच्या या तक्रारी विचारतच कोण होतं? गरोदर बायकांचे गर्भपात किती झाले याच्याही नोंदी अपुऱ्या.

सोडियम थायोसल्फेटचं प्रकरण वेगळंच. हे इंजेक्शन दिल्यावर काही रुग्णांना आराम पडत होता, आयसीएमआरनेही, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेही, चाचणीत उपयुक्त म्हटलं. पण मोठ्या प्रमाणावर दिलंच नाही. जून १९८५ मध्ये कार्यकर्त्यांनी स्वतःचा दवाखाना उघडून ते द्यायला सुरुवात केली तर पोलिसांनी धाड घातली. आयसीएमआरने १९९४ मध्ये अभ्यास आवरते घेतले. विषबाधेचा अभ्यास दहा वर्षांत संपतो हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

तिथे गेलात तर बेरसिया रस्त्यावरचा संभावना दवाखाना जरूर बघा. १९९६ पासून मोफत चालतो, लोकांच्या देणग्यांवर. ॲलोपथी, आयुर्वेद, योग एकत्र, आणि औषधी झाडांची बाग. मला स्वतःला आयुर्वेदाबद्दल शंका असते, पण तिथे नोंदी ठेवण्याची शिस्त पाहून गप्प बसलो.

इंदुरी_शेव

इंदूरहून. तुम्ही सगळे भोपाळचं बोलताय, ते आमच्या दारात आलं त्याचं कोण बोलणार?

कारखान्यात चाळीस वर्षं पडून असलेला विषारी कचरा, ३३७ टन, १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरमधून पिथमपूरला निघाला. बरोबर पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन. पिथमपूर इंदूरपासून तीसेक किलोमीटर. तिथे लोकांचा उद्रेक झाला, ३ तारखेला बंद, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेतलं. आमच्या यशवंत सागरच्या पाण्याचं काय, असं इंदुरात घरोघर चाललं होतं. आमच्या मराठी मंडळाच्या कट्ट्यावर बाकी सगळं सोडून महिनाभर हाच विषय. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सगळा जाळून झाला. त्यानंतर राखेवरून वाद.

भोपाळच्या लोकांना विष हटायला हवं होतं, हे शंभर टक्के पटतं. पण ते आमच्याकडे आणा असं कुणी आम्हाला विचारलं नव्हतं. दोन्ही गावांतली गरीब माणसं एकमेकांसमोर उभी केली गेली आणि ज्यांनी ते निर्माण केलं त्यांचा खर्च शून्य.

भोपाळी_मावशी

इंदुरी_शेव, ३३७ टन हा फक्त गोदामात भरून ठेवलेला. जमिनीत मुरलेला, कारखान्याच्या उत्तरेकडच्या सौर तळ्यांत टाकलेला, तो अजून तिथेच आहे. शिव नगर, अन्नू नगर, ब्लू मून कॉलनी, या वस्त्यांतलं हापशाचं पाणी वर्षानुवर्षं लोक प्यायले. त्यातले कितीतरी १९८४ नंतर तिथे राहायला आलेले, म्हणजे गॅसच्या रात्री ते भोपाळात नव्हतेही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं, नळ यायला त्यानंतरही वर्षं गेली.

आमच्याकडे कामाला यायच्या त्या बाई अन्नू नगरच्या. पाण्याला वास येतो म्हणायच्या. आम्ही त्यांना म्हणायचो, उकळून पीत जा. उकळून काय होणार होतं?

डोंबिवली_पूर्व

एमआयडीसी फेज २ च्या जवळ राहतो. २०१६ च्या मे महिन्यात स्फोट, २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा. खिडक्यांच्या काचा, आकाशात काळा धूर, मग मंत्री, मग 'कारखाने हलवणार'. अजून हललेले नाहीत.

यंत्रतंत्र, एक विचारतो. आमच्या इमारतीच्या शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय हे आम्हाला कायद्याने कळू शकतं का?

यंत्रतंत्र

कळायला हवं. मोठा धोका असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोका आणि आणीबाणीत काय करायचं हे सांगणं बंधनकारक आहे. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात ती कलमं घातली, तीही भोपाळमुळेच. जिल्हाधिकाऱ्यांकडे बाहेरची आपत्कालीन योजना असते. माहिती अधिकारात मागा. सोसायटीच्या लेटरहेडवर मागितलंत तर उत्तर लवकर येतं, अनुभव आहे.

आणि मुलांना एक शिकवून ठेवा: गॅसचा वास आला तर वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं, तोंडावर ओलं फडकं. भोपाळमध्ये ज्यांनी ओलं कापड धरलं त्यांतले बरेच वाचले. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

पाणवठा

वाचून मन जड झालं. एक व्यावहारिक प्रश्न: मुलगी चौदा वर्षांची आहे. नेऊ का? आणि कारखान्यासमोरच्या पुतळ्याजवळ लोक सेल्फी काढतात असं ऐकलं, ते बघवेल का तिला?

वाटसरू_नाशिक

चौदाची असेल तर न्या, पण आधी थोडं सांगून न्या. रिसीव्हर कानाला लावायचा की नाही ते तिच्यावर सोडा. फोटोही आहेत, ते नेहमीच्या बातम्यांतल्यापेक्षा सौम्य नाहीत. आठ-दहा वर्षांच्या मुलाला मी नेणार नाही.

पुतळा जे.पी. नगरच्या बाजूला, कारखान्याच्या भिंतीसमोर. मूल कवेत घेतलेली आई. १९८५ मध्ये रूथ वॉटरमन या डच शिल्पकार बाईंनी केलेला. त्यांचे आईवडील नाझी नरसंहारातून वाचलेले होते. खाली लिहिलंय 'नो हिरोशिमा, नो भोपाळ, वुई वाँट टू लिव्ह'. मी गेलो तेव्हा तिथे सेल्फीवाले नव्हते. पोरं क्रिकेट खेळत होती, चेंडू पुतळ्याच्या चौथऱ्याला लागला की आउट. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिथे राहणारी मुलं आहेत ती, त्यांनी कुठे खेळायचं? कारखान्याच्या आवारात मात्र परवानगीशिवाय जाता येत नाही, भिंतीवरून डोकावायचा प्रयत्नही करू नका.

सातपुडा

पाणवठा, जमलं तर चिंगारीलाही थोडा वेळ द्या. रशीदा बी आणि चंपा देवी शुक्ला यांना २००४ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला, त्या पैशातून त्यांनी दिव्यांग मुलांसाठी हे केंद्र उभारलं. मुलीला दुःखाबरोबर काम करणारी माणसंही दिसतील. आधी फोन करून जा, ते प्रेक्षणीय स्थळ नाही. उपचार चालू असतात, मुलांचे फोटो काढायचे नाहीत.

फुलपात्र

अब्दुल जब्बार यांचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून मी घेते. शिवणकाम शिकवून बायकांना पायावर उभं करत त्यांनी संघटना बांधली. दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी पार्कात बैठक, वर्षानुवर्षं. २०१९ च्या नोव्हेंबरात गेले, पद्मश्री मरणोत्तर. संघटनांमध्ये आपापसांत मतभेद खूप होते म्हणतात. असणारच. पस्तीस-चाळीस वर्षं लढायचं तर भांडणंही होणार.

उलटतपासणी

पुढच्या महिन्यात कामानिमित्त भोपाळला चाललोय. करोंदला जाऊन येतो. दुसरी बाजू मांडलेली नसेल तर इथे येऊन पुन्हा भांडेन. :)

भोपाळी_मावशी

या. राणी कमलापतीला, म्हणजे जुन्या हबीबगंज स्टेशनला, उतरणार असाल तर करोंद शहराच्या दुसऱ्या टोकाला पडतं, मुख्य स्टेशनवरून जवळ. रिक्षावाला जास्त मागेल, द्या. त्याच्याशी वाटेत बोला. वय पन्नाशीच्या पुढचं असेल तर काही विचारायची गरज पडणार नाही, 'गॅस म्युझियम' म्हटलं की तो स्वतःच सुरू होईल. मग तुमची एक बाजू आणि त्याची एक, दोन्ही घेऊनच आत जा.

डोंबिवली_पूर्व

अवांतर: माहिती अधिकाराचा अर्ज काल टाकला, सोसायटीच्या लेटरहेडवर. उत्तर आलं की इथेच टाकतो.